जॅझ कोरस आणि क्लीन आवाजाचा हिशेब

पेडल निवडताना गिटारवादक महिनोन्महिने अभ्यास करतो आणि ती पेडलं ज्यातून ऐकू येणार तो अ‍ॅम्प मात्र उरलेल्या पैशांत उरकून टाकतो. मला हा क्रमच उलटा वाटतो. रांगोळी उठून दिसायची तर आधी अंगण नीट सारवलेलं लागतं. अ‍ॅम्प स्वतःच फाटत असेल तर डिलेचे पडसाद एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होतो, आणि दोष पेडलच्या माथी जातो.

स्वच्छ आवाज म्हणजे नेमका कसा, हे सांगताना गिटारवादक आजही जेसी-१२० चं, म्हणजे रोलंडच्या जॅझ कोरसचं नाव घेतात. तरुणपणी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात रोलंड कंपनी काढली. तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, हा अ‍ॅम्प आला. चांगला अ‍ॅम्प व्हॉल्व्हचाच, असं मानणाऱ्यांचा तो काळ. क्लीन आवाजासाठी नावाजलेला फेंडरचा ट्विन रिव्हर्बही व्हॉल्व्हचाच. रोलंडने ट्रान्झिस्टर वापरले आणि १२ इंची दोन स्पीकरना प्रत्येकी ६० वॅटचा स्वतंत्र अ‍ॅम्प दिला.

त्या दोन स्पीकरांतच त्याची सगळी गंमत आहे. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून गिटारचा मूळ आवाज जसाच्या तसा येतो. दुसऱ्यातून तोच आवाज किंचित उशिरा, आणि तो उशीर सतत कमीजास्त होत असल्यामुळे सूरही हलकासा डुलत असतो. दोन्ही आवाज यंत्राच्या आत मिसळत नाहीत, ते खोलीतल्या हवेत मिसळतात. म्हणून जेसीसमोर उभं राहून ऐकलेला कोरस एका स्पीकरच्या अ‍ॅम्पमधून तसा मिळत नाही. हेच सर्किट वेगळं काढून १९७६ मध्ये रोलंडच्याच बॉस या ब्रँडचं सीई-१ हे पेडल निघालं, आणि आज दुकानात दिसणाऱ्या कोरस पेडलांचं घराणं तिथून सुरू होतं. ‘द क्युअर’च्या रॉबर्ट स्मिथने हा आवाज आपलासा केला. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डनेही गाण्यांतल्या क्लीन भागांसाठी हाच अ‍ॅम्प वापरला, हे मला जास्त बोलकं वाटतं.

पेडलसाठी तो इतका सोयीचा का? व्हॉल्व्हवर ताण आला की तो आवाजाच्या लाटांची टोकं हळूहळू चेपतो. ते कानाला गोड लागतं, रॉकचा बराचसा डोलारा त्यावरच उभा आहे. पण ओव्हरड्राइव्ह पेडलमधून घ्यायचा असेल तर अ‍ॅम्पने त्यात स्वतःची भर न घातलेली बरी. ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत सरळ चालतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम कर्कश तुटतो. म्हणून त्याला त्या मर्यादेपासून लांब ठेवायला भरपूर हेडरूम लागते. जेसीकडे ती आहे. उणीवही सांगायला हवी: काही फझ आणि डिस्टॉर्शन पेडलं त्याच्यात किरकिरी वाटतात. ब्राइट स्विच बंद करून ट्रेबल उतरवला तर बराच फरक पडतो. त्याच्या स्वतःच्या डिस्टॉर्शन नॉबला मात्र हात न लावलेलाच बरा.

आता खिशाचा प्रश्न. जेसी-१२० महाग आहे आणि वजन साधारण २८ किलो, म्हणजे जिना चढायचा तर दोघं हवेत. १० इंची दोन स्पीकरचा जेसी-४० आणि साडेसहा इंची दोन स्पीकरचा जेसी-२२ ही त्याची धाकटी भावंडं. स्टिरिओ पेडलं असणाऱ्याला घरात जेसी-२२ पुरतो. त्याहून कमी पैशांत फेंडर चॅम्पियन किंवा बॉस कटाना यांचा क्लीन चॅनल पेडलांना चांगला सांभाळून घेतो.

इथे वॅटच्या आकड्यामागे धावू नये. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट तेवढ्याच वॅटवर ३ डेसिबल जास्त आवाज देणारा स्पीकर असेल, तर तो वॅट दुप्पट केल्यासारखाच. माझं मत स्पष्ट आहे: आत भरलेल्या शंभर इफेक्टपेक्षा पैसे चांगल्या १२ इंची स्पीकरवर घालावेत. इफेक्ट तर तुमच्या पायाशी आहेतच. पण म्हणून घरच्या म्युझिक सिस्टीमला थेट पेडल जोडून भागत नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग दाबून टाकतो. सिस्टीमचा ट्विटर तो सगळा बाहेर काढतो, आणि डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि रोजची दोन पेडलं घेऊन जावीत. गेन अगदी कमी, टोनचे नॉब मध्यावर, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. मग अ‍ॅम्पचा आवाज तालमीत लागेल तेवढा चढवून जाड ई तार जोरात छेडावी. खर्जाचा सूर गोल राहिला तर पुढे पेडल लावून पाहावं. तिथेच तो फुटला तर तो अ‍ॅम्प बाजूला ठेवावा. सेकंडहँड जेसी मिळत असेल तर सगळे नॉब फिरवून खरखर ऐकावी, कोरस लावून दोन्ही स्पीकर चालतात का तपासावं आणि मागची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जपानच्या बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळतो.