नाटकातली ती आई मीच होते!

"आई, गॅदरिंगला ये, पण पुढच्या रांगेत बसू नकोस हं!" लेकीने असे बजावले तेव्हाच खरे तर माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण डिसेंबरचे दिवस. शाळेत माझ्या पाचवीच्या पोरांची नाच-गाण्यांची धांदल, घरी सासूबाईंचे गुडघे दुखणे, पाहुण्यांची ये-जा. लक्ष होते कुठे?

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. लेक त्याच शाळेत आठवीत. गॅदरिंगचे नाटक आजवर आम्ही शिक्षकच निवडायचो आणि मुले ते पाठ करायची. गेल्या वर्षी मात्र नव्याने आलेल्या एका तरुण बाईंनी वेगळेच काढले. "पुस्तकातलं नाटक नको. तुमच्या घरातले, वर्गातले, रस्त्यातले प्रसंग सांगा. त्यातूनच आपण नाटक करू." मला ते निव्वळ खूळ वाटले. तेरा वर्षांच्या पोरांना अनुभव तो कसला असणार?

नाटक सुरू झाले. रंगमंचावर दोन बाक आणि एक ओढणी, बस्स. चौदा मुले. नायक कोणीच नाही. तीच मुले नळावरची रांग झाली, तीच कुकरची शिट्टी झाली, तीच शाळेची घंटा. मग एक मुलगी दप्तर टाकून म्हणाली, "आई, मला सांगायचंय..." आणि ओढणी खोचलेली 'आई' म्हणाली, "आधी हातपाय धू, मग बोल." थोड्या वेळाने, "आजीला गोळी दे, मग बोल." पुन्हा, "दादाला वाढ, मग बोल." प्रत्येक वेळी बाकीची बारा मुले एका सुरात म्हणत, "मग बोल!" सभागृह हसून हसून लोटपोट. मी सोडून. अहो, ते वाक्य माझे होते! हातातले लाटणे हलवण्याची लकबसुद्धा माझीच.

शेवटी आईने दिवा मालवला, "झोप आता, उद्या बोल." मुलगी आमच्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "क्लासवरून येताना रोज दोन मुलं गाडीवरून मागे येतात. एवढंच सांगायचं होतं." हसणे एकदम थांबले. माझ्या पोटात खड्डा पडला.

घरी आल्याआल्या लेकीला जवळ घेतले. "खरं आहे का गं ते?"

"'मग बोल' तुझं आहे. मागे येणारी मुलं माझ्या गोष्टीतली नाहीत. दुसऱ्या कोणाच्या आहेत. कोणाच्या ते सांगायचं नाही असं आमचं ठरलंय."

सासूबाई चिडल्या, "घरातलं चव्हाट्यावर मांडायला शिकवतात का शाळेत?" आमचे 'हे' मिस्कील हसले. मीही दोन दिवस घुश्शातच होते. पण तिसऱ्या दिवशी त्या बाईंना गाठलेच.

त्यांनी सांगितलेली रीत मला पटली. मुले गोल करून बसतात. आधी खेळ, म्हणजे भीड चेपते. मग प्रत्येकाने एक खरा प्रसंग सांगायचा. नको वाटले तर 'नाही' म्हणायची मुभा. मग चार-पाच जणांचे गट तो प्रसंग करून दाखवतात. लिहिलेले संवाद नाहीत, तोंडाला येईल ते बोलायचे. बघणाऱ्यांनी कुठे खरे वाटले आणि कुठे खोटे, ते सांगायचे. चांगली वाक्ये वहीत टिपायची. महिनाभराने त्या टिपणांवरून नाटक बांधायचे. नावे, ठिकाणे बदलायची आणि ज्याचा प्रसंग त्याने शक्यतो ती भूमिका करायची नाही. चौघांच्या गोष्टी एकात मिसळल्या की कोणाचे काय ते बाहेरच्याला कळत नाही आणि सांगणाऱ्याचे मन मात्र हलके होते.

"आणि एखाद्या मुलाने फारच गंभीर काही सांगितले तर?" मी विचारले. बाई म्हणाल्या, "मग आधी नाटक नाही, आधी त्या मुलाची काळजी. विश्वासातलं मोठं माणूस, घरचे, गरज पडली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन. या मुलीच्या आईशी मी नाटकाआधीच बोलले होते."

आपल्याकडचे बालनाट्य कुठून कुठे आले पाहा! १९५९ साली सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. अशा परीकथांची गोडी मुलांना लागली. १९८६ च्या सुमारास डॉ. मोहन आगाशे आदींनी जर्मनीतली 'ग्रिप्स' नाट्यचळवळ पुण्यात रुजवली. त्यात राक्षस-परी नव्हते, मुलांचे रोजचे प्रश्न होते. पण मुलांची कामे मोठी माणसेच करत. पुढे पंचाहत्तरी गाठलेल्या मतकरींनी २०१४ मध्ये ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने वस्त्यांमधली मुले स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतःच नाटके बसवू लागली. मतकरी २०२० मध्ये गेले. पण वस्तीतल्या मुलापाशीही सांगण्यासारखे काही असते, हे त्यांनी दाखवून दिले. मग आपल्या घरातल्या मुलांपाशी नसेल का?

आमच्या त्या नाटकाने काय साधले? करंडक-बिरंडक काही मिळाला नाही. पण पुढच्या पालकसभेत प्रथमच अभ्यास आणि मार्क सोडून दुसरा विषय निघाला. त्या क्लासच्या मुली आता एकत्र येतात आणि आम्ही आया आळीपाळीने कोपऱ्यावर उभ्या राहतो. ती दोन मुले पुन्हा दिसली नाहीत. "नाटकात बोलता आलं म्हणून घरी बोलता आलं," असे त्या मुलीने बाईंना सांगितले म्हणे. ती कोण, ते मला आजही ठाऊक नाही. विचारलेही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या मुलांच्या शाळेत किंवा कॉलनीत असे नाटक बसत असेल, तर 'घरातलं बाहेर जाईल' म्हणून त्यांना अडवू नका. नियम काय आहेत, मोठे कोण आहे, एवढे जरूर विचारा. आणि नाटकात आपण दिसलो तर थोडे हसून घ्या. मला ते जमायला आठवडा लागला.

परवा पोळ्या करताना लेक ओट्याशी येऊन उभी राहिली. "आई, सांगायचंय." 'मग...' अगदी ओठांवर आले होते. गिळले. गॅस बंद केला आणि म्हटले, "बोल."

सहलीचे पैसे हवे होते, एवढेच. पण बोलणे अर्धा तास चालले. तव्यावरची पोळी वातड झाली, ती मीच खाल्ली.