'एस' म्हणजे किती खात्रीचं?

रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती एक रिपोर्ट पडतो. डावीकडे प्रतिजैविकांची नावं, समोर एकेक आकडा आणि 'एस', 'आय' किंवा 'आर'. 'एस' म्हणजे जंतू औषधाला दाद देतो, 'आर' म्हणजे देत नाही, 'आय' म्हणजे मधली स्थिती. मग सर्वांत लहान आकडा शोधून 'हेच औषध जालीम' असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा असतो.

रक्तात जंतू फार विरळ असतात; मोठ्या माणसाच्या एका मिलिलिटरमध्ये पुष्कळदा एकही सापडत नाही. म्हणून ब्लड कल्चरच्या एकेका बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त घेतात. जंतू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले की यंत्र इशारा देतं. मग हे जंतू प्लेटवर पसरून त्यांवर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दुसऱ्या दिवशी पट्टीनं मोजायचं. सिएटलच्या बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये या पद्धतीला शिस्त लावली. ती आजही चालते.

वर्तुळ मोठं म्हणून औषध सरस, असं मात्र नाही. प्रत्येक औषध प्लेटवर वेगळ्या वेगानं पसरतं. आणि रिपोर्टवर बहुधा वर्तुळाचं माप नसतं; तिथला आकडा म्हणजे वेगळ्या पद्धतीनं मोजलेली, जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा. ती त्या औषधाच्या स्वतःच्या मर्यादेशीच ताडायची असते, शेजारच्या औषधाच्या आकड्याशी नाही. ई. कोलाय या जंतूसाठी अमेरिकी निकषांनुसार मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅम हा आकडा मेरोपेनेमपुढे 'एस' ठरतो, तर सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर'!

आणि 'एस'वर तरी किती विसंबायचं? 'मेरिनो' नावाची चाचणी इथे मोलाची आहे. 9 देशांतल्या रुग्णालयांतले, रक्तात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला सापडलेले रुग्ण तिच्यात होते. जंतू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे, पण पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमला 'एस'. मेरोपेनेमसारखं राखीव औषध वाचवता येईल का, हा प्रश्न होता. निकाल 2018 मध्ये आला: 30 दिवसांत पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम गटातले 187 पैकी 23 रुग्ण दगावले, मेरोपेनेम गटातले 191 पैकी 7. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली होती.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. संशोधकांनी जपून ठेवलेले जंतू ही किमान मात्रा द्रवात मोजण्याच्या प्रमाणभूत पद्धतीनं पुन्हा तपासले. स्थानिक प्रयोगशाळांनी 'एस' म्हटलेले काही जंतू मुळात तसे नव्हतेच. त्यांतल्या अनेकांकडे टॅझोबॅक्टमला फारसं न बधणारं, औषध निकामी करणारं 'ऑक्सा-1' हे विकर होतं. असे जंतू वगळल्यावर मृत्यूंमधला फरक सुमारे 9 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे दोष औषधाचा होता तसा मोजमापाचाही होता. अमेरिकी निकषांत या औषधाची 'एस'ची मर्यादा 2022 मध्ये मिलिलिटरला 16 मायक्रोग्रॅमवरून 8 वर आणली गेली.

म्हणून घरचं कुणी रुग्णालयात असेल, तर रिपोर्टवरचे आकडे एकमेकांशी ताडत बसू नका. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी कल्चरसाठी पुरेसं रक्त घेतलं का, एवढं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.