रंगीत काचकामाची जुनी हत्यारे

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. तेथील ग्रंथालयाच्या रंगीत खिडक्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना काचांमधील काळ्या रेषा आठवतील. त्या रंगाच्या नव्हेत. काचेचे तुकडे धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या होत.

असा एक लहानसा झरोका हस्तव्यवसायाच्या वर्गात करण्याचे आम्ही योजिले. निधी अपुरा, म्हणून जुन्या हत्यारांसाठी जुनी हुबळी पालथी घातली. या कलेचे स्वतंत्र दुकान आम्हांस आढळले नाही. पण तिची हत्यारे इतर धंद्यांत विखुरलेली होती. तसबिरी मढविणाऱ्याकडे काच कापण्याची सहा चाकांची लेखणी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे सोल्डरिंग आयर्न, चष्मेवाल्याकडे भिंगाच्या कडा घासण्याचे यंत्र.

ही लेखणी काच कापीत नाही, केवळ ओरखडा उमटविते. काच मागाहून त्या रेषेवर तडकते. म्हणून ती विकत घेण्यापूर्वी टाकाऊ काचेवर एक रेघ ओढून पाहावी. रेघ ठराविक अंतराने तुटत असेल, तर चाकाला खाच पडली आहे असे समजावे, कारण प्रत्येक फेऱ्याला तीच खाच काचेवर येते.

सोल्डरिंग आयर्नने मात्र आम्हांस फसविले. दिसायला चकचकीत, पण अवघ्या पंचवीस वॅटचे! तारा जोडण्यास ते पुरे; रुंद सांध्याला साधारण ऐंशी ते शंभर वॅट हवेत. उष्णता अति झाली तरी पंचाईतच: शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि पट्टीलाच भोक पडते. घासण्याच्या यंत्रात पाणी व वीज शेजारी नांदतात. त्याची वायर तडकलेली होती. ते आम्ही घेतले नाही.

एका ठिकाणी जुन्या शिशाच्या पट्ट्यांचा डबा अगदी स्वस्तात मिळत होता. आत करडी-पांढरी भुकटी साचली होती. ती उडविण्यासाठी आमच्यातील एक लहान विद्यार्थी फुंकर घालणार, तोच शिक्षकांनी त्याचा हात धरला. शिशाची धूळ पोटात वा श्वासात गेल्यास मुलांच्या मेंदूस अपाय करते. डबा तेथेच ठेवून आम्ही ओल्या फडक्याने व नंतर साबणाने हात स्वच्छ केले.

पुढे बेत बदलला. काचेच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून शिसेविरहित सोल्डरने सांधे जोडले. त्यासाठी सोल्डरिंग आयर्न नवे घ्यावे लागले. लेखणी मात्र त्या तसबिरीवाल्याचीच. तिच्या सहा चाकांपैकी एकच शाबूत होते, आणि त्यावरच सारा झरोका कापला.