धंद्याची मुळाक्षरं (भाग ६) : गिऱ्हाईक का येतं?

नववी-दहावीच्या वर्गात ‘धंदा कशासाठी करतात?’ असं विचारलं की एका सुरात उत्तर येतं, ‘पैसे मिळवायला.’ उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. गेल्या भागात आपण भांडवल कुठून येतं ते पाहिलं. भांडवल जमलं, दुकान थाटलं, तरी समोरच्यानं खिशात हात का घालावा, हा प्रश्न उरतोच. आज त्याच प्रश्नाचा विचार करू. त्यासाठी सातारा-सांगलीबाहेर जायची गरज नाही.

मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की सांगली आणि भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडी येते. हे स्टेशन पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखलं जाई आणि आसपास निवडुंगाचा माळ होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली त्यांना या माळावर बोलावलं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आणि भाषणांतून मुलांनी ऐकलेली असते. जिद्द, चिकाटी, माळरानाचं नंदनवन. माझ्या मते मुलांना शिकवण्यासारखी गोष्ट त्याच्याही आधीची, बेळगावातली आहे.

लक्ष्मणरावांनी आधी सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, तरी पहिल्या नांगरांना जवळजवळ दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नाही. लोखंड लागलं की जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

वर्गात गोष्ट इथं थांबवावी आणि मुलांना विचारावं : आता तुम्ही काय कराल? कुणी म्हणेल किंमत उतरवू, कुणी म्हणेल जाहिरात करू, आणि एखादा तरी म्हणेलच की शेतकरी अडाणी होते. या तिसऱ्या उत्तरापाशी शिक्षकानं घाई करू नये. मुलांना त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभं करावं. त्याच्याकडचा लाकडी नांगर गावच्या सुतारानं केलेला होता. सुताराला तो रोख पैसे देत नव्हता, सुगीला बलुतं घालत होता. नांगर मोडला तर सुतार दोन घरं पलीकडे होता आणि ऐन पेरणीत काम अडून राहत नव्हतं. लोखंडी नांगराला मात्र रोकड मोजायची. फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा, माहीत नाही. जमीन खरंच बिघडली तर वर्षाचं पीक जाणार, आणि ते विकणाऱ्याचं नव्हे, आपलं. असा हिशेब मांडला की तो माणूस अडाणी वाटत नाही, जपून पाऊल टाकणारा वाटतो.

मग मुलांच्या लक्षात येतं की शेतकऱ्याला नुसता नांगर नको होता. त्याला खोल नांगरट हवी होती, कमी खोळंबा हवा होता, सुट्टे भाग वेळेवर मिळायला हवे होते, आणि शेजाऱ्याचं रान बिघडलं नाही हे डोळ्यांनी बघायचं होतं. हे सगळं पुरवणं म्हणजे धंदा. कारखान्यातून वस्तू बाहेर पडली तेव्हा धंदा जेमतेम सुरू झालेला असतो. नफा लागतोच, कारण त्याच्याशिवाय पुढचा फाळ ओतता येत नाही आणि कामगाराचा पगार होत नाही. पण नफा मिळतो तो कुणाची तरी अडचण दूर झाल्यावर. हा क्रम मुलांच्या मनात पक्का व्हावा, म्हणून मी एवढा नांगराशी थांबलो.

हेच नांगर विकत एक माणूस गावोगाव हिंडला. ओगलेवाडीच्या ओगले काचकारखान्याचे प्रभाकर कंदीलही त्यानं विकले, आणि साताऱ्यात कूपर यांचा कारखाना उभा राहत होता तिथंही त्याचा हात होता. त्याचं नाव भाऊराव पाटील. आपण त्यांना कर्मवीर म्हणून ओळखतो; त्यांचं फिरत्या विक्रेत्याचं आयुष्य मात्र दोन ओळींत उरकतो. मला ते फार मोलाचं वाटतं. विक्रेत्याला लोकांच्या ओसरीवर बसावं लागतं, त्यांचं गाऱ्हाणं ऐकावं लागतं, काय परवडतं आणि काय नाही हे ओळखावं लागतं. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, ती खेड्यापाड्यातली गरज अशी जवळून पाहिलेल्या माणसाच्या हातून. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, शेतात राबली, स्वयंपाकाला हात लावला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज महाविद्यालयांच्या नोटीस बोर्डावर दिसते. तिच्या मुळाशी एक साधा आग्रह होता : मुलानं दान म्हणून शिकू नये, स्वतःच्या घामाचा हिशेब त्याला ठाऊक असावा.

या हिशेबाची आठवण शाळांतले बालबाजार पाहताना येते. जानेवारीच्या आसपास आपल्याकडे बहुतेक शाळांत असा बाजार भरतो. पटांगणात चादरी अंथरून मुलं मेथी, बोरं, ताक, भेळ, वडापाव मांडून बसतात. संध्याकाळी भेळवाली मुलगी सांगते, ‘तीनशे रुपयांचा माल आणला, पाचशेला विकला, दोनशे नफा!’ टाळ्या पडतात. याच क्षणी तिला शेजारी बसवून वही उघडायला हवी. चिंचगुळाचं पाणी कुणी केलं? आईनं. कांदे कुणी चिरले? आजीनं, पहाटे उठून. गॅस घरचा, पातेली घरची, पटांगणाला भाडं नाही, येण्याजाण्याला बाबांची गाडी. आई आणि आजीचे मिळून चार तास धरा, त्यांना शेतमजुराच्या दरानं मजुरी लावा आणि पुन्हा बेरीज करा. दोनशेतले किती उरतात ते तिचं तिला दिसेल. घरातल्या बाईच्या कष्टाला किंमत असते, हे चौदाव्या वर्षी वहीत लिहून पाहिलेलं मूल पुढं ते सहसा विसरणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. बालबाजारातली गिऱ्हाइकं आईबाप, मावशी आणि शिक्षक असतात. ती मायेपोटी घेतात. त्यामुळे मुलाला विकणं समजतं, गरज समजत नाही. लक्ष्मणरावांची ती दोन वर्षं या बाजारात कुणाच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे की बाजार भरवण्याआधी एक दिवस मुलांना गावच्या आठवडी बाजारात न विकता नुसतं फिरायला न्यावं. लोक काय मागतात आणि काय न मिळाल्यानं परत जातात, तेवढंच टिपून आणायला सांगावं. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्यातला एक दिवस याला द्यावा.

गरज किती साध्या रूपात समोर येते, याचं उदाहरण माण तालुक्यातल्या म्हसवडचं. रस्त्याकडेला पालात राहणारी, लोहारकाम करणारी एक बाई पावसाआधी छपरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून पैसे साठवायला बँकेत गेली. रक्कम इतकी लहान की बँकेनं खातं उघडलं नाही. हे तिथं बायकांसोबत काम करणाऱ्या चेतना सिन्हा यांना कळलं. बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण सभासदांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकल्या, अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारहाट सोडून बँकेत यायला बायकांना सवड नव्हती, म्हणून बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. मुलांना हे सांगताना ‘समाजसेवा’ हा शब्द मी वापरत नाही. ही बँक आहे, ती व्याज घेते, कर्ज वसूल करते, आणि म्हणूनच टिकली आहे.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे, पण पालकांनी तो करून देऊ नये. मुलानं गावातल्या एका दुकानदाराला किंवा कारागिराला भेटावं. खानापूर-आटपाडीकडे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, व्यवसायातले पाहुणे घरोघर असतात. ते सुट्टीला आले असतील तर फारच उत्तम. ‘तुम्ही किती कमावता?’ हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचं ते असं : तुमचं दुकान महिनाभर बंद राहिलं तर कुणाची अडचण होईल, आणि तो माणूस मग कुठं जाईल? उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. पुढच्या भागात उधारीचा विषय घेऊ, तेव्हा ही वही लागेल.