नवा कॅमेरा, जुने सॉफ्टवेअर

डोणगाव (ता. मेहकर) : लग्नसराईसाठी घेतलेल्या नव्या कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाइल संगणकावर उघडली नाही, की कार्डच बिघडल्याची शंका येते. घाईने ते फॉरमॅट करू नये. लग्न काही पुन्हा लागत नाही. बहुधा फाइल शाबूत असते. रॉ म्हणजे तयार छायाचित्र नव्हे, तर सेन्सरने टिपलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद. ती वाचण्यासाठी त्या कॅमेऱ्याची रंगमांडणी व फाइलची रचना सॉफ्टवेअरला ठाऊक असावी लागते. कॅननने २०१८ मध्ये ‘ईओएस एम५०’सोबत ‘सीआर३’ ही नवी रचना आणली. ‘लाइटरूम ६’ची अखेरची सुधारित आवृत्ती मात्र डिसेंबर २०१७ ची. अशा वेळी अ‍ॅडोबचा विनामूल्य ‘डीएनजी कन्व्हर्टर’ वापरावा. त्याने केलेली डीएनजी प्रत जुन्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते. मूळ फाइल तेवढी जपून ठेवावी.