एनपीएस: ‘एलसी ७५’ निवडताय? आधी वय पाहा
‘एनपीएस’मध्ये ‘ऑटो चॉइस’ घेतला की वयानुसार शेअर बाजारातला हिस्सा आपोआप कमी होत जातो. मात्र, नावातल्या आकड्यावर जाऊ नका. ‘एलसी ७५’मध्ये ७५ टक्के इक्विटी असते ती फक्त पस्तिशीपर्यंत. पुढे ती दरवर्षी ४ टक्क्यांनी घटून पंचेचाळिसाव्या वर्षी ३५ टक्क्यांवर येते. त्या वयात ‘एलसी ५०’मध्ये ३० टक्के असते. म्हणजे फरक जेमतेम पाचाचा! चाळिशीनंतर जास्त परताव्याच्या आशेने ‘एलसी ७५’कडे वळणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

२०२४मध्ये आलेल्या ‘बॅलन्स्ड लाइफ सायकल’मध्ये पंचेचाळिशीपर्यंत ५० टक्के इक्विटी कायम राहते. पंचावन्नाव्या वर्षीही ३५ टक्के. ‘एलसी ७५’मध्ये तेव्हा १५ टक्केच उरते. अर्थात, निवृत्तीच्या तोंडावर बाजार कोसळला, तर फटकाही ‘बॅलन्स्ड’वाल्यांनाच मोठा बसेल.