जलपर्यटन व आंतरराष्ट्रीय तंटे

जलपर्यटन व आंतरराष्ट्रीय तंटे : देशादेशांतील राजकीय वितुष्टाचा प्रवासी व पर्यटन जहाजांच्या वाहतुकीवर होणारा परिणाम. अशा जहाजास प्रत्येक बंदरात प्रवेशाची अनुज्ञा, उतारूंना प्रवेशपत्रे आणि संपूर्ण मार्गासाठी विमासंरक्षण लागते. यांपैकी एक गोष्ट अडली, तरी फेरी रद्द करावी लागते किंवा मार्ग बदलावा लागतो.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबई–गोवा आगबोट वाहतूक. गिरगावातील खोताची वाडी ही दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाणारी वसाहत. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी गोमंतकीय कुटुंबेही स्थायिक झाली. गिरगाव, धोबीतलाव व माझगाव या भागांत गोव्यातील गावोगावच्या लोकांनी चालविलेले ‘कूड’ होते. बोटींवर नोकरी करणारे खलाशी व स्वयंपाकी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे राहत. या सर्वांना आगबोट हा गावी जाण्याचा सोयीचा मार्ग होता. पावसाळ्यात मात्र ती बंद असे.

गोव्याच्या प्रश्नावरून भारत व पोर्तुगाल यांच्यातील संबंध बिघडत गेले. भारताने १९५३ मध्ये लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली आणि १९५४ पासून गोव्याशी होणाऱ्या ये-जा व व्यापारावर निर्बंध घातले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर राजनैतिक संबंध तुटले. रेल्वेबरोबर आगबोटीचा मार्गही खंडित झाला. कोकणातील बंदरांची वाहतूक चालू राहिली, परंतु पणजीचे दार बंद झाले. पोर्तुगीज प्रशासनाने दाबोळी येथे विमानतळ उभारून कराचीशी हवाई दळणवळण सुरू केले. त्याचा मुंबईतील सामान्य गोमंतकीयास उपयोग नव्हता. लग्नकार्य, आजारपण वा मृत्यू अशा प्रसंगी घर गाठणे त्यास दुष्कर झाले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हा अडसर दूर झाला. पुढे ‘कोंकण सेवक’, ‘कोंकण शक्ती’ यांसारख्या बोटींतून चाकरमान्यांबरोबर देशी-विदेशी पर्यटकही जाऊ लागले. ती वाहतूक कालांतराने बंद पडली. २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन-जहाज सुरू झाले.

इतरत्रही असेच अनुभव आले. अरब–इझ्राएल युद्धामुळे १९६७ ते १९७५ या काळात सुएझ कालवा बंद राहिला आणि यूरोप–मुंबई जहाजांना आफ्रिकेस वळसा घालावा लागला. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून २०१७ मध्ये चीन व दक्षिण कोरिया यांच्यात तंटा उद्‌भवताच चीनमधून निघणाऱ्या पर्यटन-जहाजांनी जेजू बेटाचा थांबा वगळला. अमेरिकेने २०१६ मध्ये खुला झालेला क्यूबाचा मार्ग २०१९ मध्ये पुन्हा बंद केला. युक्रेन युद्धामुळे २०२२ पासून पाश्चात्त्य कंपन्यांनी सेंट पीटर्झबर्ग टाळले, तर तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२४ मध्ये अनेक जहाजे केप ऑफ गुड होपमार्गे वळविण्यात आली.

पर्यटन-जहाज आपला मार्ग बदलू शकते, पर्यटकही दुसरे स्थळ निवडतो. बंदरातील हमाल, दुकानदार व वाटाडे यांना मात्र असा पर्याय नसतो. नियमित प्रवासी वाहतूक तुटली, तर तिची झळ थेट कुटुंबांना लागते. त्यामुळे राजकीय तंट्याचे परिणाम मोजताना केवळ जहाज कंपन्यांचे उत्पन्न पाहून भागत नाही.